झेंडा घेऊन चालण्याचा हक्क

जानेवारीचा शेवटचा आठवडा आला, की शिरवण्यालगत सायन-पनवेल महामार्गाच्या सिग्नलवर झेंडे विकणारी मुले दिसू लागतात. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तीच मुले, तेच झेंडे. गाडी थांबली की काचेवर टकटक होते. कुणी एक झेंडा घेतो आणि स्टिअरिंगसमोर लावतो, कुणी काच वरच ठेवतो. एकदा अशाच आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाला मी सहज विचारले, “काय रे, कोणाचा झेंडा हा?” मला वाटले, तो म्हणेल ‘भारताचा’. तो म्हणाला, “माझाच आहे साहेब. दहाला एक.”

तेव्हा मी हसलो, पण त्याचे उत्तर मनात राहिले. झेंडा कोणाचा, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. या प्रश्नाचे उत्तर आपल्या महाराष्ट्रात एकदा भर रस्त्यात मागितले गेले होते आणि त्यासाठी सतराशेहून अधिक माणसे तुरुंगात गेली होती. आज तीच गोष्ट आपल्याला सांगायची आहे.

पूर्वीच्या काळी झेंडा हा राजाचा असे. गडावर निशाण कोणाचे फडकते, यावरून गड कोणाचा ते कळे. मराठी माणसाला भगवा ठाऊक, पेशवाईतला जरीपटका ठाऊक. १७५८ साली मराठी फौजा अटकेपर्यंत धडकल्या आणि ‘अटकेपार झेंडे लावणे’ हा वाक्प्रचारच आपल्या भाषेत रूढ झाला. त्याच पुण्यात १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. ते चढवणारा बाळाजीपंत नातू आपलाच माणूस होता. निशाण बदलले, राज्य बदलले. वाड्याबाहेर उभ्या असलेल्या रयतेला कोणी काही विचारले नाही. निशाणाशी तिचा संबंध होता तो फक्त मान खाली घालण्यापुरता.

ज्या लोकांना स्वतःचे राज्यच नाही, त्यांना झेंडा असू शकतो का? या प्रश्नाला पहिले ठसठशीत उत्तर दिले ते मुंबईच्या एका पारशी बाईने. २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरात जगभरच्या समाजवाद्यांची परिषद भरली होती. तिथे मादाम भिकाजी कामा यांनी हिंदुस्थानचा म्हणून एक तिरंगी झेंडा उलगडून दाखवला. मागे सैन्य नाही, सरकार नाही, सिंहासन नाही. हातात फक्त एक झेंडा. तो झेंडा पुढे भारतात आणला गेला आणि पुण्याच्या केसरीवाड्यात जपून ठेवला गेला.

त्यानंतर १९२१ साली महात्मा गांधींच्या सूचनेवरून चरख्याचा तिरंगा आला. बेझवाड्याच्या अधिवेशनाच्या वेळी पिंगली वेंकय्या यांनी झेंड्याचा आराखडा गांधीजींपुढे ठेवला होता. जालंधरच्या लाला हंसराज यांची सूचना होती, की त्यावर चरखा असावा. पांढरा, हिरवा, तांबडा आणि मध्ये चरखा असा तो झेंडा. हा झेंडा कोणत्याही किल्ल्यावर नव्हता. तो लोकांच्या खांद्यावर होता आणि सरकारला नेमके तेच खुपत होते.

१९२३ सालची परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. चौरीचौऱ्याच्या घटनेनंतर असहकाराची चळवळ मागे घेतली गेली होती. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. कार्यकर्ते हिरमुसले होते. पुढे काय करायचे, कोणालाच उमगत नव्हते. मार्च महिन्यात जबलपूरला टाऊन हॉलवर झेंडा लावण्यावरून पोलिसांशी खटका उडाला. नागपूर आणि जबलपूर तेव्हा एकाच मध्य प्रांतात, त्यामुळे जबलपूरची ठिणगी नागपुरात पडायला वेळ लागला नाही.

१३ एप्रिल हा जालियनवाला बागेचा स्मृतिदिन. त्या दिवशी नागपुरात मिरवणूक निघाली. हातात चरख्याचा झेंडा होता. मिरवणूक सिव्हिल लाइन्सच्या दिशेने निघाली आणि पोलिसांनी ती अडवली. सिव्हिल लाइन्स म्हणजे साहेबलोकांची वस्ती. मोठमोठे बंगले, झाडांच्या सावलीतले रुंद रस्ते. गावातून हिंडा, पण हा झेंडा घेऊन इकडे फिरकायचे नाही, असा सरकारचा हुकूम. रस्ता सार्वजनिक, तो बांधला लोकांच्याच कराच्या पैशातून. त्यावरून बैलगाडी जाऊ शकते, साहेबाचा टांगा जाऊ शकतो; झेंडा घेतलेला माणूस मात्र जाऊ शकत नाही!

१ मे १९२३ पासून सत्याग्रह सुरू झाला. पुढारी होते वर्ध्याचे जमनालाल बजाज. सत्याग्रहाची रीत अगदी साधी होती. रोज काही स्वयंसेवकांची एक तुकडी निघायची. हातात झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सच्या रस्त्याने शांतपणे चालू लागायची. पोलीस पकडायचे, शिक्षा व्हायची. दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी. कोणी दगड उचलला नाही, कोणी हात उगारला नाही. नुसते चालायचे.

तुम्ही म्हणाल, चालण्यात कसला आलाय पराक्रम? पण नागपूरचा मे महिना आठवा. अंगाची लाही होते. त्या उन्हात निघायचे आणि संध्याकाळी आपण घरी परतणार नाही, हे निघतानाच ठाऊक असायचे. निघणाऱ्यांत बहुतेकांची नावे आज कोणाला सांगता येणार नाहीत. ज्यांची येतात त्यांत विनोबा भावे होते. त्यांना नागपूर आणि अकोल्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले. हिंदी कवयित्री सुभद्राकुमारी चौहान याच सत्याग्रहात होत्या. त्यांचे वय तेव्हा विशीच्या आत होते. पुढे पुढे तर गुजरातेतून, कर्नाटकातून, दूरदूरच्या प्रांतांतून तुकड्या येऊ लागल्या.

जूनमध्ये जमनालालजींना अटक झाली. अठरा महिने कैद आणि तीन हजार रुपये दंड. त्यांनी दंड भरायचे नाकारले. सरकारने त्यांची मोटार जप्त करून लिलावाला काढली, तर नागपुरात ती घ्यायला गिऱ्हाईकच मिळेना! शेवटी ती मोटार विकायला काठेवाडात न्यावी लागली, असे जमनालालजींच्या चरित्रांत सांगितले जाते. तुरुंगात जाणारे शूर होतेच. पण लिलावात बोली न लावणाऱ्या नागपूरकरांनी दाखवलेली हिंमतही मला लहान वाटत नाही.

मग वल्लभभाई पटेल नागपुरात आले आणि त्यांनी सूत्रे हाती घेतली. वडील बंधू विठ्ठलभाईही मदतीला होते. अखेर १८ ऑगस्ट १९२३ रोजी शंभर स्वयंसेवकांची मिरवणूक झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समधून निघाली आणि या वेळी पोलिसांनी ती अडवली नाही. परवानगी मागितली होती की नव्हती, यावर दोन्ही बाजूंनी पुढे बराच काथ्याकूट झाला. सरकारने आपले म्हणणे सांगितले, काँग्रेसने आपले. पण लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते ते एवढेच, की झेंडा त्या रस्त्याने गेला. तोवर सुमारे १,७५० माणसे तुरुंगात गेली होती. लवकरच त्यांची सुटका झाली.

या सत्याग्रहात धारवाडकडचे डॉक्टर ना. सु. हर्डीकरही तुरुंगात गेले होते. बाहेर आल्यावर त्याच वर्षाअखेर काकिनाड्याला त्यांनी स्वयंसेवकांची संघटना उभी केली. तीच पुढे हिंदुस्थानी सेवा दल म्हणून ओळखली गेली. गावोगाव लोकांनी ठरलेल्या दिवशी एकत्र जमायचे, रांगेत उभे राहायचे, झेंडा चढवायचा आणि वंदन करायचे, ही शिस्त या दलाने लावली. शाळेच्या पटांगणात आपण जे झेंडावंदन केले, त्याची मुळे अशी नागपूरच्या तुरुंगापर्यंत पोचतात.

झेंड्याच्या रंगावरूनही कमी वाद झाले नाहीत. कोणता रंग कोणत्या धर्माचा, आमचा रंग का नाही, अशी कुरबुर वाढली, तेव्हा १९३१ मध्ये काँग्रेसने सात जणांची समिती नेमली. तीत नेहरू, पटेल, मौलाना आझाद होते. साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर आणि आपले हर्डीकरही होते. या समितीची शिफारस ऐकून आज अनेकांना नवल वाटेल. झेंडा एकाच रंगाचा, केशरी असावा आणि त्यावर चरखा असावा, असे तिने सुचवले. पण त्या ऑगस्टमध्ये मुंबईला भरलेल्या काँग्रेस महासमितीने ते मानले नाही. केशरी, पांढरा, हिरवा असा तिरंगाच कायम झाला. आणि बजावून सांगितले गेले, की रंग धर्मांचे नाहीत. केशरी धैर्य आणि त्यागाचा, पांढरा सत्य आणि शांतीचा, हिरवा श्रद्धा आणि सामर्थ्याचा. मला वाटते, तिरंगा टिकला याचे एक कारण नागपूरचे ते साडेतीन महिने असले पाहिजेत. ज्याच्यासाठी माणसे तुरुंगात गेली, तो झेंडा कागदावरच्या शिफारशीने सहजी बदलता येत नाही.

पुढे त्याची किंमत वाढतच गेली. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला, तेव्हा काँग्रेसचा झेंडा लावणे हाच गुन्हा ठरला. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या बाजारपेठेत शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा हातात झेंडा धरून उभा राहिला आणि गोळ्या छातीवर घेऊन पडला. त्याच्याबरोबर त्याचे चार साथीदारही गेले. शिरीषकुमार तेव्हा अवघा पंधरा वर्षांचा होता.

२२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने तिरंग्याला राष्ट्रध्वज म्हणून मान्यता दिली. ध्वजाचा विचार करणाऱ्या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरही होते. चरख्याच्या जागी अशोकचक्र आले. खादीचा झेंडा कसा विणावा, रंग किती पक्का असावा, याचे प्रमाण १९५१ मध्ये ठरले. भारतीय मानकांच्या यादीतला पहिला क्रमांक झेंड्याचाच आहे.

आणि इथे एक गंमत झाली. स्वातंत्र्य मिळाले आणि झेंडा पुन्हा सरकारचा झाला! सरकारी कचेऱ्यांवर तो रोज फडके, पण सामान्य नागरिकाला मात्र ठरावीक राष्ट्रीय दिवशीच लावता येई. हेतू चांगला होता. झेंड्याचा अवमान होऊ नये, हाच. पण रायगडच्या आपल्या कारखान्यावर झेंडा लावणाऱ्या नवीन जिंदाल यांना अधिकाऱ्यांनी हरकत घेतली, तेव्हा ते न्यायालयात गेले. हे रायगड आपले नव्हे, छत्तीसगडमधले. दरम्यान २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता आली आणि नागरिकांना वर्षभर झेंडा लावण्याची मोकळीक मिळाली. २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सन्मानाने झेंडा फडकवणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. नागपूरच्या त्या रस्त्यावर १९२३ साली मागितलेल्या हक्काला कायद्याची मोहोर लागायला अशी ऐंशी वर्षे लागली.

वाद मात्र संपत नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये यंत्रावर बनवलेल्या आणि पॉलिस्टरच्या झेंड्यांनाही परवानगी मिळाली. पुढच्या ऑगस्टमध्ये ‘हर घर तिरंगा’ची हाक आली आणि झेंडा खरोखरच घरोघरी पोचला. पण हुबळीच्या आणि नांदेडच्या खादी संस्थांत सूत कातून, कापड विणून, चक्र मधोमध बसवून झेंडा शिवणाऱ्या हातांचे काय? हुबळीच्या संस्थेने या बदलाचा निषेध केला. स्वस्त झेंडा सर्वांच्या हाती जावा, हेही खरे. ज्या चरख्याने त्याला जन्म दिला तो उपाशी राहू नये, हेही खरे. दोन्ही बाजूंना दम आहे.

बेलापूरला नवी मुंबई महापालिकेच्या मुख्यालयासमोर २२५ फूट उंचीच्या खांबावर तिरंगा फडकताना मी पाहिला आहे. मान वर करून पाहिले की ऊर भरून येतो. पण २७ जानेवारीच्या सकाळी शिरवण्याच्या रस्त्याकडेला गटाराच्या काठाशी पडलेले झेंडेही मला दिसतात. नियम सांगतो, की झेंडा रस्त्यावर टाकू नये. फाटला, विटला तर एकांतात, सन्मानाने, शक्यतो जाळून त्याला निरोप द्यावा. या नियमासाठी पोलीस लागत नाही. वाकून झेंडा उचलला की झाले.

उंच खांबावरच्या झेंड्याची काळजी घ्यायला महापालिका आहे. रस्त्यावरच्या झेंड्याला आपल्याशिवाय कोणी नाही. आणि हा झेंडा मोठा झाला तो रस्त्यावरच, चालणाऱ्या साध्या माणसांच्या हातात. सिग्नलवरचा तो पोरगा “माझाच आहे” म्हणाला, ते दहा रुपयांच्या हिशेबाने म्हणाला असेल. पण इतिहासाच्या हिशेबानेही त्याचे उत्तर बरोबरच होते. पुढच्या वेळी त्याच्याकडून झेंडा घ्याल, तेव्हा घरी नेऊन नीट ठेवा. त्याच्यासाठी कोणीतरी मे महिन्याच्या उन्हात चालले आहे.