राजवायू

आवर्तसारणीच्या १८व्या गणातील मूलद्रव्ये : हेलिअम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, रॅडॉन. 'हे-नि-आ-क्रि-झे-रॅ' म्हटले की क्रम पाठ होतो. गुणधर्म आणि उपयोग मात्र घोकण्याची गरज नाही. पूर्ण भरलेले बाह्यतम कवच (हेलिअमचे दोन, इतरांचे आठ इलेक्ट्रॉन) आणि अणूचे वजन, एवढ्या दोन गोष्टींतून जवळपास सगळे निघते. कवच पूर्ण असल्याने हे वायू सहसा संयुगे करीत नाहीत आणि एकेकट्या अणूंच्या रूपातच राहतात. वजन वाढते तसा उत्कलनांक चढतो : हेलिअम −२६९° से., आर्गॉन −१८६°, झेनॉन −१०८°.

या वायूंपैकी हवेत सर्वाधिक आर्गॉन, ०.९३ टक्के. यावलच्या केळीबागेतली शंभर लिटर कोरडी हवा घेतली तरी तीत जवळजवळ एक लिटर आर्गॉन असतो, कार्बन डायऑक्साइडच्या वीसपटीहून जास्त. स्टेनलेस स्टीलच्या आर्गन वेल्डिंगमध्ये टॉर्चच्या तोंडातून हा वायू सांध्यावर सोडतात. तो हवेपेक्षा जड आणि कशाशीही न बांधला जाणारा, म्हणून वितळलेल्या धातूला ऑक्सिजन-नायट्रोजन शिवत नाहीत. वायू मध्येच संपला तर सांधा काळवंडतो, त्याला बारीक छिद्रे पडतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी आर्गॉनचा उपयोग विसरत नाही.

हेलिअम हलका व न पेटणारा, म्हणून फुग्यांत. द्रवरूपात अतिथंड, म्हणून एमआरआय यंत्राच्या चुंबकासाठी. निऑनचा लालसर नारिंगी प्रकाश जाहिरातींच्या नळ्यांत, झेनॉन प्रखर दिव्यांत. रॅडॉन किरणोत्सारी असून त्याचा अर्धायुकाल ३.८ दिवस आहे.

हेलिअमच्या शोधाशी महाराष्ट्राचे नाते आहे. १८ ऑगस्ट १८६८चे खग्रास सूर्यग्रहण विजयदुर्गावरून दिसले. तेथील 'साहेबाचे ओटे' त्याची आठवण म्हणून दाखवतात. नॉर्मन लॉकयरने हेलिअम तेथूनच शोधला असे सर्रास सांगितले जाते, ते बरोबर नाही. ग्रहणाच्या वेळी सूर्याचा वर्णपट तपासणारा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, तर त्याच कामावरचा जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात. लॉकयर इंग्लंडमध्ये होता आणि त्याने २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, सूर्याच्या वर्णपटातील हेलिअमची पिवळी रेषा तपासली. विजयदुर्गाचा मान ग्रहणपट्ट्यातल्या जागेचा आहे आणि तो पुरेसा आहे.

पृथ्वीवर हेलिअम रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीने १८९५ मध्ये युरेनियमच्या खनिजातून मिळवला. त्याआधी १८९४ मध्ये त्याने व भौतिकशास्त्रज्ञ रॅलेने आर्गॉन शोधला होता. हवेतून काढलेल्या नायट्रोजनचा लिटर १.२५७ ग्रॅम आणि रसायनातून काढलेल्याचा १.२५१ भरतो, एवढ्याशा फरकाचा त्यांनी पिच्छा पुरवला. १९०४ मध्ये दोघांनाही नोबेल मिळाले.

१९६२ मध्ये नील बार्टलेटने झेनॉनचे संयुग तयार केले. म्हणून परीक्षेत 'राजवायू कशाशीच अभिक्रिया करत नाहीत' असे न लिहिता 'सहसा करत नाहीत' असे लिहावे.