पऱ्हाटीच्या मुलखातले बाळोते

गेल्या पावसाळ्यात माझी धाकटी बहीण अकोल्याहून बाळंतपणाला अमरावतीस आली. बाळ सव्वा महिन्याचे व्हायच्या आतच घरात एक वाद उभा राहिला. मेहुण्यांनी येताना डायपरचे तीन मोठे पुडे आणले होते आणि आईने ट्रंकेतून आपल्या जुन्या सुती लुगड्यांची बाळोती काढून ठेवली होती. पुडे पाहून आई म्हणाली, "पऱ्हाटीच्या मुलखातल्या लेकराले हे पिलास्टिक काऊन?" मेहुणे पडले जावई, ते गप्प राहिले. बहीण माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, आता तूच सांग."

मी इतिहास शिकवणारा मास्तर. मास्तराला निर्णय विचारला की तो आधी सनावळी काढतो. मीही तेच केले.

इंग्रजांनी १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड घेतले. निमित्त फौजेच्या थकलेल्या खर्चाचे होते. पण या काळ्या मातीतल्या कापसाचे मोल त्यांना ठाऊक होते. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव कडाडले. १८६७ साली आगगाडी अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. आमच्या उमरावतीच्या नावावरून या कापसाला व्यापारी 'उमरा' म्हणू लागले. त्या वेळचे कापूस-कमिशनर रिव्हेट-कार्नॅक यांनी तर आपली आशा उघड लिहून ठेवली : रेल्वेने विलायती कापड स्वस्तात आले म्हणजे इथला कापूस घरी न कातता बाहेर जाईल, आणि कातणारे-विणणारे हात शेतमजुरीला मोकळे होतील! ज्या मुलखाने परदेशच्या गिरण्या चालवल्या, त्या मुलखातल्या लेकराच्या वाट्याला आले ते आईच्या विटलेल्या लुगड्याचे फडके.

पण ते फडके वाईट नव्हते. शंभर वेळा धुतलेले सूत लोण्यासारखे मऊ होते. आमची देशी पऱ्हाटी आखूड धाग्याची. तलम सुताला ती चालत नाही, पण ओल झटकन शोषते. म्हणून तर दवाखान्यातल्या कापसाला तिची मागणी असते.

आता दुसरी बाजू. अमेरिकेत १९६१ साली 'पॅम्पर्स' बाजारात आले. वापरा आणि फेका, हा त्याचा मंत्र. पण फेकायचे कुठे? आपल्याकडे २०१६ च्या घनकचरा नियमांनी डायपर नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकायला सांगितले; तो नाल्यात किती जातो, हे वाचकांनी आपल्याच गल्लीत पाहावे. तेव्हा निकाल आईच्या बाजूने, असे मी जवळजवळ ठरवले होते. इतक्यात ब्रिटनच्या पर्यावरण खात्याचा २००८ सालचा अभ्यास वाचनात आला. अडीच वर्षांच्या वापराने फेकायच्या डायपरमुळे सुमारे ५५० किलो कर्बवायू हवेत जातो, तर कापडाच्या लंगोटांमुळे सुमारे ५७०! कापड उन्हात वाळवले, यंत्र भरून धुतले आणि दुसऱ्या मुलालाही वापरले, तरच ते पुष्कळ सरस ठरते. म्हणजे सारे येऊन थांबते ते धुण्यापाशी.

धुण्यापाशी मीही थांबलो. संध्याकाळी आईला सहज विचारले, "माझी बाळोती कोण धुवत होते?"

"आनखी कोन धुईन?" आई म्हणाली.

आमचे गाव पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातले. विहिरीचे पाणी मचूळ, त्यात साबणाला फेस येत नाही. पहिले दहा दिवस सूपभर ज्वारीवर परटीण धूत असे. पुढे आई नदीवर जाई. थंडीत तिचे हात भेगाळत, त्यांना ती रात्री खोबरेल लावी. वडिलांनी एकही बाळोते धुतल्याचे तिला आठवत नव्हते. चाळिशी ओलांडेपर्यंत मला हा प्रश्न सुचला नव्हता, आणि मी इतिहास शिकवतो!

गाडगे महाराज आमच्याच भागातले. १८७६ साली शेंडगावी परटाच्या घरी जन्मले, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला मामाकडे वाढले, १९५६ साली वलगावजवळ गेले. समाधी आमच्या अमरावतीत आहे. चिंध्या पांघरून, हाती खराटा घेऊन हा माणूस परक्यांची घाण काढत हिंडला. आम्ही त्यांच्या नावाने अभियाने काढली. घरातली बादली मात्र बाईकडेच ठेवली.

तेव्हा मी बहिणीला एवढेच सांगितले : घरात दिवसा बाळोते, रात्री आणि प्रवासात डायपर. धुणे मात्र तुझे नाही, आईचेही नाही. इथे असेतो मी धुवीन. अकोल्याला बाळाच्या बापाने पाहावे.

पहिल्या सकाळी मी मोरीत बसलो तेव्हा आई दारात उभी राहून हसली. मग "पिळून घे चांगलं" म्हणून आत गेली. तारेवर बारा बाळोती वाळत घालताना शेजारच्या गच्चीवरून दोघे पाहत होते. लाज वाटली, हे कबूल करतो. तिसऱ्या दिवशी वाटेनाशी झाली.

पुढच्या रविवारी मेहुणे आले. बराच वेळ तारेकडे पाहत राहिले आणि जवळ येऊन हळूच म्हणाले, "साबण कोणता वापरता?"