‘बघू पुढच्या वर्षी’चा इतिहास

‘पोरगं हुशार आहे, पण लक्ष देत नाही. बघू पुढच्या वर्षी.’ पालकसभेत हे वाक्य कानी पडले नाही असा पालक विरळाच. मुकुंदवाडीसारख्या वस्तीत, चिकलठाण्याच्या कारखान्यांतल्या पाळ्या सांभाळत संसार करणाऱ्या घरांत, या वाक्यावर उलट प्रश्न विचारावा असे सहसा सुचत नाही. बाई म्हणाल्या म्हणजे तसेच असणार! पण तिसरीतले मूल पाढे आणि गोष्टी तोंडी घडाघडा सांगते आणि पुस्तक हाती दिले की अडखळते, तेव्हा त्या ‘पुढच्या वर्षी’ची किंमत कोण मोजते?

हा प्रश्न जुना आहे. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी एका १४ वर्षांच्या मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. मुलगा चलाख होता, नजर चांगली होती, पण साधे शब्दही त्याला वाचता येत नसत. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार विद्यार्थी ठरला असता, असे त्याला कित्येक वर्षे शिकवणाऱ्या मास्तरांचे मत होते. दोष बुद्धीचा नव्हे, आळसाचाही नव्हे, हे तेव्हाच कागदावर आले होते.

त्या अडचणीला ‘लर्निंग डिसअ‍ॅबिलिटी’, म्हणजे आपण ज्याला अध्ययन अक्षमता म्हणतो ते, नाव रूढ झाले १९६३ मध्ये. शिकागो येथे भरलेल्या पालकांच्या सभेत सॅम्युअल कर्क या शिक्षणतज्ज्ञांनी ते वापरले. सभा पालकांची होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बारा वर्षांनी, १९७५ मध्ये, अमेरिकेत कायदा झाला आणि मुलाच्या तपासणीबाबत शाळेशी भांडण्याचा हक्क आई-वडिलांना मिळाला. पुढे २००४ मध्ये मुदतही आली : पालकांच्या संमतीपासून ६० दिवसांत, किंवा राज्याने ठरवलेल्या मुदतीत, तपासणी पूर्ण झाली पाहिजे.

आपल्याकडे सुरुवात मुंबईत झाली. १९९६ साली पालक आणि तज्ज्ञांनी मिळून महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन केली. त्याच वर्षी राज्य सरकारने अशा मुलांना परीक्षेत सवलती मान्य केल्या. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे गणित अशा सवलती हळूहळू मिळू लागल्या. त्यासाठी प्रमाणपत्र लागे आणि ते देणाऱ्यांत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाचे नाव अग्रभागी होते. मराठवाड्यातल्या पालकाला मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास आणि बुडालेली मजुरी.

अंतर केवळ मैलांचे नव्हते, भाषेचेही होते. तपासणीच्या चाचण्या बहुतांशी इंग्रजीत. मराठी माध्यमातल्या मुलाची गफलत वेगळी असते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांत घोटाळा होतो, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी सुटते, रफार चुकीच्या अक्षरावर बसतो, जोडाक्षर आले की वाचन थांबते. हे इंग्रजी चाचणीत दिसणार कसे? मनेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ हा चाचणीसंच २०१५ मध्ये आणला, त्यात हिंदी आणि कन्नडबरोबर मराठीचाही समावेश होता. म्हणजे सवलत आधी आली आणि मराठी मुलाला मोजण्याची अशी फूटपट्टी १९ वर्षांनी!

मधल्या काळात कायदाही मूकच होता. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारांची यादी होती. अध्ययन अक्षमता त्यात नव्हती. २०१० मध्ये लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे थांबवले. हेतू चांगलाच होता. पण वाचता न येणारे मूल वरच्या वर्गात सरकत राहिले की त्याची अडचण झाकून जाते आणि दहावीच्या उंबरठ्यावर एकदम उघडी पडते. २००७ च्या ‘तारे जमीन पर’मुळे ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द घरोघरी पोचला, पण शाळेवर बंधन मात्र आले नाही.

ते आले २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने. यादी सातावरून एकवीसवर गेली आणि त्यात अध्ययन अक्षमता आली. मुलांमधील ही अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य अध्यापनाचे उपाय व्हावेत, ही जबाबदारी कायद्याने शाळांवर टाकली. जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी ‘लवकर’ म्हणजे कधी, तेही सांगितले : तिसरी इयत्ता किंवा वयाची आठ वर्षे, यांत जे आधी असेल तेव्हा. शाळा सरकारी असो वा खासगी, प्राथमिक पाहणी तिनेच करायची, आणि संशय आला तर मुलाला डॉक्टरांकडे पाठवायचे.

उणीव एकच राहिली. पालकाने मागणी केल्यावर किती दिवसांत तपासणी व्हावी, हे अमेरिकेसारखे आपल्या कायद्यात लिहिलेले नाही. ‘बघू पुढच्या वर्षी’ त्याच फटीतून आत शिरते.

ती फट पालकाने कागदाने बुजवावी. तोंडी विनंतीला तारीख नसते, अर्जाला असते. मूल कुठे अडते हे चार ओळींत लिहून मुख्याध्यापकांना द्यावे आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. उत्तर आले नाही तर तीच पोच शिक्षणाधिकाऱ्यांपुढे ठेवता येते. त्याच्याही पुढे राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत. हक्क डावलल्याच्या तक्रारीची चौकशी ते करू शकतात. त्यांनी शिफारस केली तर संबंधित यंत्रणेला केलेली कार्यवाही तीन महिन्यांत कळवावी लागते.

काही पालकांना भीती वाटते, की पोराच्या कपाळी शिक्का बसेल. शिक्का तर आधीच बसलेला असतो, ‘ढ’ म्हणून. तपासणी तो पुसते. आणि प्रमाणपत्र हाती येईपर्यंत शिक्षकांनी हात बांधून बसावे असेही नाही. अक्षरे ठळक करून, मोठ्याने वाचून दाखवून, तोंडी उत्तर घेऊन शिकवायला कोणाच्या शिक्क्याची गरज नाही.

या इतिहासात दर टप्प्यावर आधी पालक उभे राहिले आणि मग कायदा हलला. शिकागोत तसेच, मुंबईतही तसेच. मुकुंदवाडीच्या आईकडे तर आता कायदाही आहे. आठव्या वर्षी वाया गेलेले वर्ष पंधराव्या वर्षी परत मिळत नाही. म्हणून ‘पुढच्या वर्षी’ला तिचे उत्तर एकच असावे : ‘यंदाच बघा, आणि लिहून द्या.’

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)