मांजराची मिशी

डायोड म्हटलं की आपल्याला लगेच पी-एन जंक्शन आठवतं. सेकंड इयरच्या व्हायवात मीही तेच धडाधड बोलून मोकळा झालो होतो. पण पी-एन जंक्शनच्या कितीतरी आधी जो डायोड होता, तो म्हणजे एक दगड आणि त्यावर टेकवलेली तार. बस्स!

साल १८७४. जर्मनीत लायपझिगला फर्डिनांड ब्राउन नावाचा एक तरुण शाळामास्तर गॅलेनासारख्या खनिजांच्या स्फटिकांतून वीज सोडून बघत होता. करंट एका दिशेने जास्त जातो आणि उलट दिशेने कमी, हे त्याच्या लक्षात आलं. ओहमचा नियम सरळ धाब्यावर! पण तेव्हा रेडिओच नव्हता, मग याचा उपयोग काय? (ब्राउनला १९०९ मध्ये मार्कोनीसोबत नोबेल मिळालं खरं, पण ते बिनतारी संदेशाच्या कामासाठी.)

उपयोग सापडला तो आपल्या जगदीशचंद्र बोसांना. कोलकात्यात रेडिओलहरी पकडायला त्यांनी गॅलेनाच वापरला. पेटंट वगैरे त्यांना मुळीच पसंत नव्हतं. पण भगिनी निवेदिता आणि सारा बुल यांनी आग्रह केला, म्हणून १९०१ मध्ये अर्ज झाला आणि १९०४ मध्ये अमेरिकन पेटंट मिळालं. पुढे क्रिस्टल रेडिओ घरोघर आले. बॅटरी नाही, काही नाही. बारीक तार स्फटिकावर फिरवत 'चांगली जागा' शोधायची, आणि जरा धक्का लागला की स्टेशन गायब! त्या तारेचंच नाव मांजराची मिशी.

गंमत म्हणजे हे का चालतं, ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. आपल्याकडे नाही का, चालणाऱ्या कोडला कुणी हात लावत नाही, तसंच. ब्राउननंतर तब्बल ६४ वर्षांनी, १९३८ मध्ये वॉल्टर शॉटकीने उत्तर दिलं. धातू टेकला की सेमीकंडक्टरच्या काठावरचे इलेक्ट्रॉन धातूत निघून जातात, मागे रिकामा पट्टा उरतो आणि तोच बांधासारखा आडवा येतो. एका दिशेने व्होल्टेज दिलं की बांध खाली येतो, उलट दिलं की जैसे थे.

झकास! फक्त एक बग राहिला. या हिशेबाने धातू बदलला की बांधाची उंची बदलायला हवी. सिलिकॉनवर ती फारशी बदलेना. दोष पृष्ठभागावर अडकलेल्या इलेक्ट्रॉनांचा, असं बार्डीनने १९४७ मध्ये मांडलं. त्याच पृष्ठभागाचा पिच्छा पुरवताना, डिसेंबर १९४७ मध्ये, बेल लॅब्जमध्ये त्याने आणि ब्रॅटनने जर्मेनियमवर सोन्याची दोन टोकं अगदी जवळजवळ टेकवली. एका मिशीऐवजी दोन.

तो पहिला ट्रान्झिस्टर.