सुताराचं पदक

टीम लीड झाल्यावर दोन महिन्यांनी मला दोन दिवसांच्या ट्रेनिंगला बसवलं. विषय होता 'इमोशनल इंटेलिजन्स'. पहिल्याच स्लाइडवर बर्फात तिरकं अडकलेलं एक जहाज होतं. जहाजाचं नाव 'एन्ड्युरन्स', मोहिमेचा नेता अर्नेस्ट शॅकल्टन, माणसं २८, मेलं कुणी नाही. अर्ध्या तासात गोष्ट संपली आणि आम्हाला चार-चारच्या गटात बसून 'शॅकल्टनकडून काय शिकलो' ते पिवळ्या चिठ्ठ्यांवर लिहायला सांगितलं. मी 'एम्पथी' लिहिलं. शेजारच्यानंही तेच लिहिलं होतं.

घरी येऊन मात्र मी त्या जहाजाच्या मागे लागलो. सॅलोवी आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी 'भावनिक बुद्धिमत्ता' ही कल्पना मांडणारा लेख लिहिला १९९० साली. १९९५ साली डॅनियल गोलमनच्या पुस्तकानं ती ऑफिसाऑफिसात पोचवली. शॅकल्टन तर १९२२ सालीच गेला. ज्याच्या कानावर हा शब्द कधी पडलाच नाही, तो त्याचा पोस्टर बॉय कसा झाला, हे मला बघायचं होतं.

तर, झाला तो उगाच नाही. पायी अंटार्क्टिका ओलांडायला निघालेलं हे जहाज जानेवारी १९१५ मध्ये वेडेल समुद्राच्या बर्फात अडकलं. दहा महिने ते चिरडत राहिलं आणि ऑक्टोबरच्या शेवटी सगळ्यांना खाली उतरून तरंगत्या बर्फावर तंबू ठोकावे लागले. सामान कमी करायचं होतं. माणशी दोन पौंड, म्हणजे किलोभरसुद्धा नाही. शॅकल्टननं सगळ्यांसमोर स्वतःच्या खिशातली सोन्याची नाणी बर्फावर टाकली. पण हसी नावाच्या गड्याचा बारा पौंडांचा बँजो मात्र त्यानं मुद्दाम बरोबर घ्यायला लावला. गरम केसाळ कातड्याच्या झोपायच्या पिशव्या होत्या फक्त १८, बाकीच्या लोकरीच्या. चिठ्ठ्या टाकल्या, तर शॅकल्टन आणि त्याचे मुख्य अधिकारी यांच्या वाट्याला नेमक्या लोकरीच्या आल्या. बेकवेल या खलाशाला त्यात काहीतरी लबाडी दिसली होती. ही लबाडी मला फार आवडते.

तंबूंची वाटणी तर बघण्यासारखी आहे. हर्ली हा फोटोग्राफर, त्याला मान लागायचा. हडसन लोकांच्या डोक्यात जायचा. जेम्स हा भौतिकशास्त्रज्ञ, त्याची चेष्टा व्हायची. तिघांनाही शॅकल्टननं स्वतःच्या तंबूत घेतलं. आणि पुढे होडीतल्या प्रवासातली एक गोष्ट वर्स्लीनं लिहून ठेवली आहे. एखादा माणूस थंडीनं ढेपाळतोय असं दिसलं, की शॅकल्टन सगळ्यांसाठीच गरम दूध करायला सांगायचा. नाव घेतलं असतं तर तो माणूस स्वतःच घाबरला असता.

ट्रेनिंगच्या स्लाइड इथे संपतात. त्यांच्यात हॅरी मॅकनिश नव्हता.

मॅकनिश जहाजावरचा सुतार. स्कॉटिश, फटकळ, हाताचा पक्का. त्यानं एक मांजर आणलं होतं. ते सतत त्याच्या मागे फिरायचं म्हणून खलाशांनी त्याचं नाव 'मिसेस चिपी' ठेवलं. चिपी म्हणजे जहाजावरचा सुतार, म्हणून ही त्याची बायको. नंतर कळलं की मांजर नर आहे, पण नाव तेच राहिलं. जहाज सोडल्यावर शॅकल्टननं ठरवलं की निकामी तोंडं पोसता येणार नाहीत, आणि मांजराला व कुत्र्यांच्या लहान पिल्लांना गोळी घालण्यात आली. निर्णय कदाचित बरोबरच होता. मॅकनिशनं तो कधी माफ केला नाही.

डिसेंबरमध्ये माणसं जड होड्या बर्फावरून ओढत निघाली. मऊ बर्फात पाय रुतत होते, होड्यांना मार बसत होता. २७ डिसेंबरला मॅकनिश थांबला. म्हणाला, जहाज बुडालं तिथे करार संपला, आता मी हुकूम मानायला बांधलेला नाही. शॅकल्टननं सगळ्यांना गोळा करून कराराचं कलम वाचून दाखवलं. बंड तिथेच विरलं. पण मला थबकवलं ते पुढच्या तपशिलानं: दोनच दिवसांनी शॅकल्टननं ती कूच स्वतःच थांबवली. पुढे जाणं शक्य नव्हतं. म्हणजे कायद्याच्या मुद्द्यात मॅकनिश चुकला असेल, बर्फाच्या मुद्द्यात नाही. या ताणाच्या दिवसांतला हा माणूस मी विसरणार नाही, अशा अर्थाची नोंद शॅकल्टननं डायरीत केली.

खरंच विसरला नाही. एप्रिल १९१६ मध्ये सगळे एलिफंट बेटावर पोचले. तिथून मदत आणायला सहा जण 'जेम्स केअर्ड' या जेमतेम सात मीटर लांबीच्या होडीतून निघाले. तिच्या कडा उंच करून, वर कॅनव्हासचं छत घालून, फटींमध्ये दिव्याच्या वाती, रंग आणि सीलचं रक्त भरून तिला समुद्राजोगं केलं ते मॅकनिशनं. जगातल्या सगळ्यात खवळलेल्या समुद्रातून सुमारे १,३०० किलोमीटर ती तरली. साउथ जॉर्जियाचे डोंगर ओलांडताना शॅकल्टनच्या बुटांना बर्फात पकड मिळावी म्हणून होडीचेच स्क्रू ठोकून दिले तेही त्यानंच. चौथ्या प्रयत्नात, ३० ऑगस्ट १९१६ रोजी, चिलीच्या 'येल्चो' बोटीतून बेटावरचे २२ जण सुटले. परतल्यावर पोलर मेडलसाठी शॅकल्टननं नावं पाठवली. चार नावं गाळली. त्यातलं एक मॅकनिशचं. मोहिमेचा डॉक्टर मॅकलिन याला हा अन्याय वाटला आणि त्यानं तसं लिहिलंही.

हे वाचताना मी मोबाइल बाजूला ठेवला होता. कारण आमच्या टीममध्ये एक टेस्टर आहेत. वयानं बरेच मोठे, सगळे त्यांना काका म्हणतात. एका कॉलवर क्लायंटसमोर ते सरळ बोलले, "ही तारीख जमणार नाही, डेटा मायग्रेशन तपासलेलंच नाही." माझे कान तापले. मी तारीख रेटली, ती चुकली, आणि काकांनी तीन रात्री जागून स्क्रिप्ट लिहिली म्हणून आम्ही वाचलो. वर्षाअखेरच्या रिव्ह्यूमध्ये मी त्यांच्याबद्दल लिहिलं, 'संवादकौशल्य सुधारायला वाव आहे', आणि मधलं रेटिंग टाकलं. लिहिताना मला ते अगदी वस्तुनिष्ठ वाटलं होतं.

शॅकल्टनच्या गोष्टीत घरही फारसं कुणी दाखवत नाही. एमिलीशी त्याचं लग्न १९०४ साली झालं, तीन मुलं झाली, आणि तो बहुतेक बाहेरच राहिला. कर्ज, नवे उद्योग, पुन्हा मोहीम. आपण शोधमोहिमांपलीकडे कशाच्याच कामाचे नाही, असं त्यानं तिला पत्रात कबूल केलं होतं. मला ते ओळखीचं वाटलं. रात्री दोनला सर्व्हर पडला की माझा आवाज एकदम शांत होतो, टीमला त्याचं कौतुक आहे. आईनं फोनवर दुसऱ्यांदा "जेवलास का रे?" विचारलं की तोच आवाज तिरसट होतो. बर्फावर जमतं ते दिवाणखान्यात जमेलच असं नाही. बर्फावरची माणसं रोजची नसतात.

जानेवारी १९२२ मध्ये साउथ जॉर्जियाला जहाजातच हृदयविकारानं शॅकल्टन गेला. त्याचं शव इंग्लंडला न्यायला निघाले होते, माँटेव्हिडिओपर्यंत पोचलंही होतं. तिथे एमिलीचा निरोप आला, त्याला तिथेच पुरा, साउथ जॉर्जियात. ज्या माणसानं तिला घरात कधी पुरता वेळ दिला नाही, तो कुठे रमायचा हे तिला नेमकं ठाऊक होतं. तिच्यावर स्लाइड नाही.

मॅकनिश १९३० मध्ये वेलिंग्टनला कफल्लक अवस्थेत वारला. २००४ साली न्यूझीलंडच्या लोकांनी त्याच्या थडग्यावर मिसेस चिपीचा ब्राँझचा पुतळा बसवला. पदक अजून नाहीच.

काकांच्या रिव्ह्यूत बदल करायची मुदत टळून गेली होती. तरी मी मॅनेजरला मेल लिहिला, तारखेच्या कॉलवर ते बरोबर होते आणि मी नव्हतो, असं स्पष्ट. रेटिंग बदललं नाही. दुसऱ्या दिवशी चहाला काकांना सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"रेटिंगचं जाऊ दे," ते म्हणाले, "पुढच्या रिलीजची तारीख काय सांगितलीयस?"

मी सांगितली.

"जमणार नाही," काका म्हणाले.