डोलकाठीपासून घंटाघरापर्यंत

समुद्रकाठच्या लहान गावात उंच वस्तू लपत नाही. डोंगरी मुलखात एका कड्याआड दुसरा कडा उभा असतो आणि शहरात इमारतींच्या गर्दीत आणखी एका खांबाची कोणी दखल घेत नाही. किनाऱ्यावरच्या गावाची गोष्ट निराळी. त्याच्या एका अंगाला पाणी, डोक्यावर आकाश, आणि मधल्या रेषेवर देवळाचा कळस, चर्चचा मनोरा, दीपगृह, माडांचे शेंडे. ही रेषा खारव्यांना पाठ असते, कारण होडी माघारी आणताना तिच्याच खुणांवर नजर ठेवावी लागते. अशा गावी भ्रमणध्वनीची, म्हणजे आपल्या रोजच्या मोबाइलची, अँटेना कोठे बसवावी आणि ती डोळ्यांत न खुपेल अशी कशी बसवावी, हा प्रश्न अलीकडचा समजला जातो. वस्तुतः तो बिनतारी संदेशाइतकाच जुना आहे, आणि तो प्रथम उभा राहिला तोही समुद्रकाठीच.

१८९७ साली गुलिएल्मो मार्कोनी ह्या तरुण इटालियन संशोधकाने इंग्लंडच्या दक्षिणेकडील आयल ऑफ वाइट ह्या बेटावर, नीडल्सच्या खडकांजवळील एका हॉटेलच्या आवारात, ५१ मीटर उंचीचा खांब उभारला. समोरच्या किनाऱ्यावर बोर्नमथ हे हवा खाण्यासाठी लोक जात असे गाव. तेथेही त्याने हॉटेलच गाठले. दोहोंमधले अंतर सुमारे २३ किलोमीटर. शासनाची कोठी नाही, लष्कराचा तळ नाही, प्रवाशांच्या हॉटेलाचे अंगण! आजच्या मोबाइल कंपन्या गच्ची भाड्याने घेण्यासाठी घरमालकांच्या पायऱ्या झिजवतात, तिचा आरंभ येथे आहे असे म्हटले तर चूक होणार नाही. १८९८ च्या आरंभी वृद्ध ग्लॅडस्टन बोर्नमथ येथे आजारी असताना हिमवर्षावाने तारायंत्राच्या तारा तुटल्या, तेव्हा वार्ताहरांनी ह्याच खांबांच्या आधाराने आपल्या बातम्या प्रथम बेटावर आणि तेथून तारेने लंडनला धाडल्या. पुढे हॉटेलवाल्यांशी पैशाच्या व्यवहारावरून मार्कोनीचे बिनसले आणि त्याने आपले बिऱ्हाड जवळच्याच पूल बंदराच्या मुखावरील दुसऱ्या हॉटेलात हलविले. खांब दिसतो म्हणून कोणी तक्रार केली नाही. उलट तो पाहण्यास बडी माणसे येत. ३ जून १८९८ रोजी लॉर्ड केल्व्हिन ह्यांनी बेटावरून बिनतारी संदेश पाठविला आणि त्याबद्दल एक शिलिंग आग्रहाने मोजून दिला.

अटलांटिक ओलांडावयाचा ठरल्यावर मात्र हॉटेलाचे अंगण पुरेना. कॉर्नवॉल प्रांताच्या दक्षिण टोकाशी मुलियन नावाचे खेडे आहे. त्याच्या जवळच पोल्ढूचा कडा. तेथे १९०१ साली ६१ मीटर उंचीच्या २० डोलकाठ्या एका वर्तुळात उभ्या केल्या गेल्या. डोलकाठी हा शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. गलबताच्या डोलकाठीप्रमाणेच तुकड्यावर तुकडा जोडून आणि दोरखंडांनी ताणून त्या बांधलेल्या होत्या. पण गलबतावरची काठी वाऱ्याबरोबर कलते. ह्या वीसही काठ्या माथ्याशी एकमेकींना जखडलेल्या असल्याने एकीचा तोल गेला की सर्वांचा जाणार हे उघड होते. १७ सप्टेंबर १९०१ च्या वादळात तसेच झाले. सारे वर्तुळ कोसळले. दोन महिन्यांनी अमेरिकेच्या केप कॉड किनाऱ्यावरील दुसरे वर्तुळही वाऱ्याने जमीनदोस्त केले. मार्कोनीने पोल्ढूला दोन खांबांमध्ये पंख्याच्या आकाराने तारा टांगून घाईने काम भागविले आणि १२ डिसेंबर रोजी न्यूफाउंडलंडमध्ये पतंगाला बांधलेल्या तारेवर मोर्स लिपीतील ‘एस’ ह्या अक्षराचे तीन ठिपके ऐकल्याचे जाहीर केले. नंतर पोल्ढूला सुमारे ६५ मीटर उंचीचे चार लाकडी मनोरे आले आणि तीन दशके ते त्या कड्यावर राहिले.

इतके प्रचंड खांब कशासाठी? त्या काळच्या लहरींची लांबी शेकडो, पुढे हजारो मीटर असे. अँटेनेचा आकार लहरीच्या लांबीशी प्रमाण राखून असावा लागतो. लहर लांब तर तार लांब आणि तार लांब तर तिला टांगणारा खांब उंच. त्यामुळे अँटेना लपविणे हा पर्यायच नव्हता. ह्याची एक गमतीदार साक्ष कॉर्नवॉलमध्येच मिळते. पोल्ढूपासून काही मैलांवर पोर्थकर्नो हे समुद्री तारांचे ठाणे होते. १८७० साली मुंबईशी इंग्लंडचा तारसंबंध जोडणारी तार ह्याच वाळूवर वर आली होती. १९०२ साली तारकंपनीने नेव्हिल मॅस्केलीन ह्या जादुगार-संशोधकाला मार्कोनीचे संदेश चोरून ऐकण्याच्या कामगिरीवर तेथे नेमले. काम गुप्तहेराचे, पण त्यासाठीही सुमारे ५० मीटरांचा खांब पंचक्रोशीला दिसेल असा उभा करावा लागला!

लहर आखूड होऊ लागली ती पहिल्या महायुद्धानंतर. फ्रँकलिन ह्या मार्कोनीच्या सहकाऱ्याने १९२३-२४ मध्ये पोल्ढूहूनच लघुलहरींचे प्रयोग केले आणि लहर चोहीकडे न उधळता झोताप्रमाणे एका दिशेला फेकण्याची रीत बसविली. ह्या ‘बीम’ पद्धतीने १९२७ साली भारत आणि इंग्लंड जोडले गेले, आणि येथे आपल्या मुलखाचा संबंध येतो. आपल्याकडील प्रेषणकेंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहणकेंद्र दौंडला होते. इंग्लंडकडील केंद्रे ग्रिम्स्बी आणि स्केगनेस ह्या पूर्वकिनाऱ्यावरच्या गावांच्या शेजारी. ज्या देशाशी बोलावयाचे त्या दिशेला तोंड करून खांबांची रांग लावावी लागे. म्हणजे स्केगनेसच्या शिवारातील लोखंडी रांग कशी उभी राहावी हे गावाने किंवा जमीनदाराने ठरविले नाही. ते भारताच्या दिशेने ठरविले. त्या खांबांची उंचीही ऐंशी मीटरांहून अधिकच होती. लहर आखूड झाली तरी लपण्याइतकी अजून झाली नव्हती.

ती तशी झाली भ्रमणध्वनीच्या काळात. ब्रिटनमध्ये ही सेवा १ जानेवारी १९८५ रोजी सुरू झाली, भारतात ३१ जुलै १९९५ रोजी. तिच्यामागची कल्पना अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९४७ मध्येच मांडली होती: सारा प्रदेश एका उंच खांबाच्या हवाली न करता मधमाशीच्या पोळ्यासारखी लहान लहान घरे पाडावी, प्रत्येक घराला स्वतःची अँटेना द्यावी आणि एकाच कंप्रतेचा वापर थोड्या अंतरावर पुन्हा करावा. ९०० मेगाहर्ट्‌झची लहर केवळ ३३ सेंटिमीटर लांब असते. तिला पुरेसा अँटेनेचा एक घटक वीतभरही नसतो. असे अनेक घटक एकावर एक रचून माणसाच्या उंचीएवढी पट्टी तयार करतात, ती एवढ्यासाठी की झोत चपटा होऊन क्षितिजाकडे जावा. दीपगृहाचे भिंग हेच करते. दिव्याखाली अंधार ही म्हण येथे शब्दशः लागू पडते; अँटेनेच्या अगदी पायथ्याशी झोताचा जोर कमी असतो.

ह्यातून एक मोठी उलटापालट झाली. मार्कोनीच्या काळी उंची हा एकमेव गुण होता. आता फार उंच खांब शेजारच्या घरात लुडबूड करू लागला आणि उंची हा काही वेळा दोषही ठरला. अँटेना लहान झाली, खाली उतरली, म्हणून ती लपविता येऊ लागली. पण त्याच कारणाने ती ओसाड कड्यावरून निघून गावाच्या मध्यभागी, शाळेच्या समोर, बाजारपेठेच्या गच्चीवर येऊन बसली. पोल्ढूचे मनोरे सर्वांना दिसत, परंतु कोणाच्या उशाशी नव्हते. आजची अँटेना दिसत नाही, पण उशाशी असते. मला वाटते, ह्या विषयावरील सगळ्या भांडणांचे मूळ येथे आहे.

लपविण्याच्या तऱ्हा अनेक निघाल्या. १९९२ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे लोखंडी खांबाला पाइन वृक्षाचे सोंग देण्यात आले. १९९६ साली दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला ताडाचे. माडांच्या सावलीत वाढलेल्या माणसाला असा लोखंडी माड क्षणभरही फसवू शकणार नाही, हे सांगावयास नकोच. शिवाय खोट्या झावळ्या खरा वारा अडवितात. त्यामुळे खोड अधिक जाड करावे लागते, आणि वीस डोलकाठ्यांची कथा ऐकलेल्या श्रोत्यांना त्याचे कारण समजेल. माझे मत विचाराल तर सोंगापेक्षा आभाळाच्या राखी रंगाचा साधा, सडपातळ खांब बरा. आणि त्याहून बरी ती गावात आधीपासून असलेली उंच जागा.

इंग्लंडने ती जागा चर्चमध्ये शोधली. घंटाघराच्या खिडक्यांना जुन्या लाकडी झडपा असतात. लाकडाऐवजी त्याच रंगारूपाच्या, काचतंतूंनी मढविलेल्या प्लॅस्टिकच्या झडपा बसवितात, कारण त्यांतून लहरी विनासायास जातात. अँटेना आत, घंटांच्या शेजारी. खालून पाहणाऱ्याला मनोरा होता तसाच दिसतो, आणि भाड्याच्या पैशातून गळके छप्पर दुरुस्त होते. इंग्लंडच्या चर्चची सुमारे १६ हजार मंदिरे आहेत व निम्म्याहून अधिक ग्रामीण भागात आहेत. फेब्रुवारी २०१८ मध्ये चर्च आणि शासन ह्यांनी अशा वापरास उत्तेजन देणारा करारच केला. परंतु मनोऱ्यात बदल करण्यास धर्मपीठाच्या न्यायालयाची परवानगी लागते, आणि तेथे निराळेच प्रश्न निघाले. लंडनमधील चिंगफर्ड येथील प्रकरणात हरकत अशी होती की, ह्या लहरींवरून अश्लील चित्रेही जाणार, मग त्यांना देवळात थारा कसा द्यावा? खालच्या न्यायाधीशाने परवानगी नाकारली; वरच्या न्यायालयाने २००७ मध्ये ती दिली. टपालाच्या पेटीत निंद्य पत्रही पडू शकते, म्हणून पेटी काढून टाकीत नाहीत. निकाल योग्यच झाला असे मला वाटते. पण गावकऱ्याला मनोऱ्यात काय बसते आहे हे विचारता आले, ही गोष्ट त्या निकालाइतकीच महत्त्वाची आहे.

सर विल्यम स्ट्यूअर्ट ह्यांच्या अध्यक्षतेखालील ब्रिटिश तज्ज्ञसमितीने २००० सालच्या अहवालात हेच सूत्र धरले होते. मर्यादेच्या आतील प्रारणाने आरोग्याला सर्वसाधारणपणे धोका असल्याचा पुरावा तिला दिसला नाही. तरीही सावधगिरी बाळगावी, प्रत्येक खांबाला नगररचनेची रीतसर परवानगी असावी, झोताचा सर्वाधिक तीव्र भाग शाळेच्या आवारावर पडणार असेल तर शाळेची व पालकांची संमती घ्यावी, आणि देशातील सर्व अँटेनांची नोंद लोकांस पाहता यावी, असे तिने सांगितले. अँटेना डोळ्यांआड असावी, नोंदवहीआड नसावी, असा हा भेद आहे. सडपातळ खांब किंवा प्लॅस्टिकची झडप ही गावच्या रूपाविषयीची आस्था असू शकते. गावाला न विचारता रातोरात बसविलेली पाण्याची खोटी टाकी ही फसवणूक होय, मग तिचा रंग कितीही साजरा असो.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. नको ती अँटेना, असे सुखवस्तू पर्यटक म्हणू शकेल. मासे पकडणारा म्हणणार नाही. रॉबर्ट जेन्सन ह्या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर केरळातील तारली पकडणाऱ्या मच्छीमारांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. १९९७ च्या जानेवारीतील एका सकाळी वडकरा येथील किनाऱ्यावर ११ होड्यांना गिऱ्हाईक मिळेना, आणि त्याच वेळी पंधरा किलोमीटरांच्या आतल्या बाजारांतून २७ ग्राहक रिकाम्या हाताने परतण्याच्या बेतात होते. पुढील चार वर्षांत किनाऱ्यावर भ्रमणध्वनीचे खांब आले. त्यांची लहर समुद्रात २०-२५ किलोमीटरांपर्यंत पोहोचे, म्हणून होडीतूनच भाव विचारून कोणत्या बंदराला लागावे हे ठरविता येऊ लागले. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला, मासळीचा भाव ४ टक्क्यांनी उतरला आणि माल फेकून देणे जवळजवळ थांबले. ध्यानात घ्या, ही अँटेना समुद्राकडे तोंड केलेली हवी. गावाच्या पाठीमागील टेकडीआड ती सोयीस्करपणे लपविली, तर पर्यटकाचे छायाचित्र चांगले येईल आणि होडी मुकी होईल.

आणि वारा आहेच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस आदळले, तेव्हा नारळी-पोफळीच्या बागांबरोबर विजेचे खांबही गेले आणि अनेक गावांचा फोन दिवसचे दिवस बंद राहिला. मुंबईतील मुलाला आईची खुशाली कळेना. अशा वेळी खांब सुंदर होता की कुरूप, हे कोणी विचारीत नाही; त्याच्या पायथ्याशी बॅटऱ्या किती तासांच्या होत्या, हे विचारतात.

भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून ह्या प्रारणाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्‌झला ती दर चौरस मीटरला ०.४५ वॅट आहे. २०१७ मध्ये दूरसंचार खात्याने ‘तरंग संचार’ हे संकेतस्थळ उघडले. आपल्या परिसरात कोठे कोणता मनोरा आहे आणि तो मर्यादेत आहे की नाही, हे कोणाही नागरिकाला त्यावर पाहता यावे अशी त्यामागची योजना. किनाऱ्यावरच्या एखाद्या ग्रामपंचायतीपुढे नव्या मनोऱ्याचा अर्ज येईल तेव्हा सदस्यांनी जागेच्या नकाशाबरोबर झोताच्या दिशेचा नकाशाही मागावा, आणि सभेला खारवीवाड्यातील दोन माणसे अवश्य बोलवावी.