आज्ञा दुसऱ्यांदा चालली तर?

२०२२ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ३.३ पेटाफ्लॉप्स क्षमतेचा ‘परम प्रवेग’ महासंगणक सुरू झाला, ही वार्ता सर्वश्रुत आहे. अशा यंत्रांतील शेकडो संगणक एकसारखे राखण्याच्या विद्येचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो.

१९९३ मध्ये ऑस्लो विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ मार्क बर्जेस यांनी ‘सीएफइंजिन’ रचले. ‘काय करावे’ हे न सांगता ‘अंती काय असावे’ एवढेच लिहायचे. यंत्रणा आपण होऊन त्या स्थितीकडे जाते. कितीही वेळा चालवा, फल तेच. परंतु प्रत्येक काम अशा वर्णनात बसेना. म्हणून खुद्द सीएफइंजिनमध्ये थेट आज्ञांसाठी ‘शेलकमांड्स’ हा विभाग ठेवावा लागला. २००५ मध्ये आलेल्या ल्यूक केनीज यांच्या ‘पपेट’मध्ये हेच काम ‘एक्झेक’ करू लागला. तत्त्वाला पाडलेले हे खिंडारच म्हणायचे!

पपेट सहसा दर ३० मिनिटांनी फेरी मारतो. फाइलीत एक ओळ जोडण्याची निरुपद्रवी आज्ञा ‘एक्झेक’मध्ये घातली, तर दिवसाअखेर प्रत्येक संगणकावर त्याच ओळीच्या ४८ प्रती साचतात. यास्तव आज्ञेपुढे पहारा बसवण्याची सोय झाली. ‘अनलेस’मधील तपासणी यशस्वी ठरली, तर आज्ञा चालत नाही, ‘क्रिएट्स’मध्ये नोंदलेली फाइल आधीच अस्तित्वात असेल, तरीही नाही. तपासायचे काय, हे मात्र पपेटला ठाऊक नसते. ते आज्ञा लिहिणाऱ्यानेच सांगायचे असते.